पेज नको, पिठलं चालेल

डोंबिवलीत माझं पोळी-भाजी केंद्र आहे. रोज चारशेच्या आसपास पोळ्या होतात. कुणाला किती वाढलं म्हणजे पुरेल, हे गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरून सांगेन. स्वतःच्या पोटाचा अंदाज मात्र कधी आला नाही. उंची पाच फूट दोन इंच, वजन 112 किलो, गुडघे बोलायला लागलेले आणि साखर गोळ्यांना जुमानत नव्हती. शेवटी मागच्या पावसाळ्यात वजनाचं ऑपरेशन करून घेतलं.

माझं झालं त्याला स्लीव्ह म्हणतात. जठराचा साधारण तीन चतुर्थांश भाग कापून काढतात आणि केळ्यासारखी एक अरुंद नळी मागे राहते. तिच्यात शंभर-दीडशे मिलिलिटर मावतं. कापलेल्या कडेला स्टेपलरच्या पिनांची लांब शिवण असते, ती भरून येईपर्यंत तिच्यावर ताण पडू द्यायचा नाही. म्हणून सुरुवातीला एक-दोन दिवस नुसतं निवळ पाणी, मग दुसरा आठवडा संपेपर्यंत पातळ, मग मिक्सरमधून काढलेलं आणि पाचव्या आठवड्यापासून मऊ. डॉक्टरागणिक दिवस थोडे मागेपुढे होतात. आपल्या कागदावर लिहिलंय ते पाळायचं, शेजारणीचं नाही.

घरी आले तर सासूबाईंनी ओट्यावर तांदळाची पेज, तूप आणि साबुदाण्याची खीर मांडून ठेवलेली. ‘अगं, हलकं आहे, पोटात राहील.’ त्यांचं चुकत नव्हतं. ताप असो, बाळंतपण असो, आमच्याकडे आजाऱ्याला हेच देत आलेत. पण माझ्या कागदावर आहारतज्ज्ञ मुलीने लाल पेनाने ‘60 ग्रॅम’ लिहून दोनदा गोल केला होता. रोज किमान 60 ग्रॅम प्रथिनं, जमलं तर 80. साबुदाणा शंभर ग्रॅम घेतला तरी त्यात एक ग्रॅमसुद्धा प्रथिन नसतं. पेजेची तीच गत. दोन्ही मऊ, दोन्ही गुळगुळीत, आणि ज्याच्यासाठी खायचं तेच नेमकं त्यात नाही.

ती मुलगी मला म्हणाली होती, ‘काकू, आता अन्न कमी जाणार, म्हणजे शरीर साठ्यातलं खाणार. चरबी खाऊ दे, पण स्नायू खाल्ले तर तुम्हाला जिना चढवणार नाही.’ शिवाय आतली जखम भरायला प्रथिनंच लागतात. आणि तिसऱ्या महिन्यापासून केस गळतात, ते कमी खाल्लं तर जास्तच. माझेही गळले. फणीत गुंतवळ बघून वजनकाट्याचा आनंद ओसरायचा.

मापाला मी मुलाच्या उष्टावणाची चांदीची वाटी काढली. औषधाच्या टोपणाने मोजली, चार टोपणं मावली, म्हणजे 60 मिलिलिटर. एका वेळचं जेवण एवढंच, आणि तेही लहान चमच्याने अर्ध्या तासात. आता हिशोब आला. एवढ्याशा जागेत रोजचे 60 ग्रॅम बसवायचे, तर एकही चमचा पोकळ घालवून चालत नाही. डब्याचा भाव काढताना मी तेलाचा थेंब धरते. तशीच मुगाची डाळ धरली. कच्ची डाळ शंभर ग्रॅमला 24 ग्रॅम प्रथिन, म्हणजे मूठभर, 30 ग्रॅम डाळीत सात. पण ते कुठे असतं? सासूबाई वरणाचं वरचं पाणी काढून द्यायच्या, पुरणाचा कट काढतात तसं. प्रथिन राहायचं तळाच्या गोळ्यात आणि तो जायचा ह्यांच्या ताटात! मग मी डाळ घोटून, गाळणीतून दाबून, चमच्यावरून हळूच घसरेल इतकी घट्ट ठेवू लागले. मूग कंटाळवाणा झाला की चक्का, बिनसाखरेचा. अर्ध्या किलो दह्याचं फडक्यातलं पाणी गेलं की मागे जो राहतो त्यात प्रथिन दाटलेलं असतं.

उरलेली तूट डब्यातली व्हे पावडर भरून काढायची. एका मापात 24 ग्रॅम. पहिल्या दिवशी मी ती उकळत्या दुधात टाकली आणि पिठलं बिघडावं तशा गुठळ्या झाल्या. दूध कोमट हवं. गंमत म्हणजे ही पावडर चीज करताना निघणाऱ्या निवळीची. केंद्रात पनीर केलं की ती मी इतकी वर्षं कणकेत घालत आले. म्हणून निवळीच पिऊ म्हटलं, तर पेलाभर निवळीत जेमतेम दीड-दोन ग्रॅम. तो नाद सोडला.

अठराव्या दिवशी मी माती खाल्ली. म्हणजे पोळी खाल्ली. तव्यावरची, तूप लावलेली, नखाएवढा तुकडा, तोही नीट न चावता. छातीच्या मधोमध बोळा अडकल्यासारखं झालं. तोंडात चिकट, फेसाळ लाळ येत राहिली आणि वीस मिनिटांनी सगळं उलटून पडलं. पोळी, पाव, मोकळा भात ह्यांचा लगदा फुगतो आणि त्या नळीच्या तोंडाशी बसतो. ह्यांनी तेव्हाच डॉक्टरांना फोन लावला, ते बरं केलं. उलट्या चालू राहिल्या तर बी-1 जीवनसत्त्व संपतं आणि ते अंगावर काढण्यासारखं नाही.

पाचवा आठवडा लागला तेव्हा मला सण वाटला. उकडलेलं अंडं घेतलं तर पिवळा बलक कोरडा लागून अडला. दोन चमचे दूध घालून मंद आचेवर हलवत केलेली ओलसर भुर्जी मात्र सरळ गेली. अंड्याला सहा ग्रॅम. पनीर जास्त उकळलं की रबर होतं, म्हणून शेवटी कुस्करून, गॅस बंद करून घालायचं. सुरमई कोरडी पडते. ओला बोंबील कोकमाच्या पातळ आमटीत नुसत्या वाफेवर विरघळतो, काटा काढला की काम झालं. आणि पिठलं! बेसन ताकात कालवून, लसूण न तडतडवता, पळीवाढं. सासूबाईंचं तोंड त्या दिवशी पहिल्यांदा खुललं, कारण हे त्यांना येत होतं.

खाण्यापेक्षा पाणी कठीण गेलं. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही, आणि तरी दिवसभरात दीड-दोन लिटर प्यायचंच, घोट घोट. हात आपोआप तांब्याकडे जायचा. मी तांब्या खिडकीत नेऊन ठेवला. भूक मात्र लागायची नाही. भुकेचं घ्रेलिन नावाचं हार्मोन मुख्यतः जठराच्या त्याच भागात तयार होतं जो काढून टाकतात. म्हणून मोबाइलवर गजर लावून जेवायचं, ह्याचं गिऱ्हाइकांना फार हसू येतं.

आता आठवा महिना आहे. वजन 84 वर आलंय. बी-12 आणि कॅल्शियमच्या गोळ्या जन्मभराच्या. चारशे पोळ्या अजून होतात, त्यातली मला पाव पुरते. खरं तर फुलका फुगला की वरचा पातळ पापुद्रा सोलून घेते, वरणात बुडवते. खालचा भाग हे खातात.