कागदात गुंडाळलेली पुस्तकं

जॉर्जिया राज्यातल्या सव्हाना शहरात १८५०च्या दशकात सूझी नावाची एक गुलाम मुलगी रोज सकाळी नऊच्या सुमाराला भावाबरोबर घराबाहेर पडायची. हातातली पुस्तकं कागदात गुंडाळलेली असायची, पोलिसाच्या किंवा गोऱ्या माणसाच्या नजरेला पडू नयेत म्हणून. एका विधवा, स्वतंत्र कृष्णवर्णीय बाईच्या स्वयंपाकघरात पंचवीस-तीस मुलं शिकायची. पण फाटकातून एका वेळी एकानंच आत शिरायचं. शेजारपाजाऱ्यांना वाटे, पोरं काहीतरी हातकाम शिकायला येतात. गुलामांना लिहा-वाचायला शिकवणं हा त्या राज्यात गुन्हा होता. सूझी किंगचा जन्म १८४८चा, म्हणजे भिडेवाड्यात फुल्यांनी मुलींची शाळा काढली त्याच सालचा. १८६२ साली अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या धामधुमीत ती सेंट सायमन्स बेटावर पोचली आणि चौदाव्या वर्षी मास्तरीणबाई झाली. दिवसा मुलं, रात्री मोठी माणसं.

कृष्णवर्णीय अमेरिकी आईबाप मुलांना घरीच शिकवू लागलेत, ही बातमी कोविडकाळात आली तेव्हा मला आधी ही सूझी आठवली. अमेरिकेच्या जनगणना विभागाच्या पाहणीत २०२०च्या एप्रिल-मेमध्ये घरी शिकवणारी कृष्णवर्णीय कुटुंबं ३.३ टक्के होती. ऑक्टोबरच्या सुरुवातीला ती १६.१ टक्के झाली. सगळ्या देशाचा आकडा तेव्हा ११.१ होता. शाळेचेच ऑनलाइन तास घरी बसून करणारी मुलं ऑक्टोबरच्या या आकड्यांत धरलेली नव्हती.

साथ हे निमित्त. कारणं जुनी होती. सरकारच्याच २०१३-१४च्या माहितीनुसार सरकारी बालवाड्यांत कृष्णवर्णीय मुलं १९ टक्के, पण शिक्षा म्हणून काही दिवस घरी पाठवलेल्या मुलांत ती ४७ टक्के. बालवाडीत! चार वर्षांचं पोर असं काय करत असेल, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी ते शाळेकडून काय शिकत असेल, हा उरतोच. २०१५ साली टेक्सासमधल्या एका मुलाला भूगोलाच्या पुस्तकात आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांसाठी ‘कामगार’ असा शब्द दिसला. त्यानं आईला पान दाखवलं, आईनं ते जगजाहीर केलं, प्रकाशकानं चूक कबूल केली.

घरी शिकवायला बसलेल्या आईपुढे पहिला पेच मात्र चुकीच्या शब्दाचा नसतो. गोष्ट सुरू कुठून करायची, हा असतो. शाळेत ती बहुधा १६१९पासून सुरू होते. व्हर्जिनियाच्या किनाऱ्याला जहाज लागलं, त्यातून वीसेक आफ्रिकी माणसं उतरवली, आणि वर्गातल्या कृष्णवर्णीय मुलाचा पूर्वज पहिल्यांदा पानावर आला तो बेड्यांसकट. घरात हीच गोष्ट तीन शतकं मागे नेता येते. मालीचा राजा मन्सा मुसा १३२४ साली हजला निघाला, कैरोत त्यानं सोनं वाटलं, टिंबक्टूत ग्रंथसंग्रह उभे राहिले. मग येतं जहाज. तोवर मुलाला ठाऊक झालेलं असतं की जहाजात कोंबली गेली ती माणसं कुठली तरी होती, कुणाची तरी होती.

गुलामीच्या आधीपासून सुरुवात करण्याचा हा आग्रह इतिहासकार कार्टर वुडसन यांचा. आईबाप गुलामीतून सुटलेले, आणि मुलानं १९१२ साली हार्वर्डची पीएचडी मिळवली. १९२६ साली त्यांनी कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा सप्ताह सुरू केला. आजचा फेब्रुवारीतला इतिहास-महिना त्यातूनच आला. त्याआधी, १९२०-२१मध्ये, विचारवंत ड्यू बॉइस आणि लेखिका जेसी फॉसेट ‘द ब्राउनीज बुक’ हे मुलांचं मासिक काढत होते. ते दोन वर्षंच चाललं, पण पुढे कवी म्हणून गाजलेल्या कोवळ्या लँग्स्टन ह्यूजचं लेखन त्यानं छापलं.

बाकी कपाट रिकामंच होतं. नॅन्सी लॅरिक या बाईंनी १९६२ ते १९६४ या तीन वर्षांतली मुलांची ५,२०६ पुस्तकं मोजली. त्यांत कृष्णवर्णीय माणूस दिसला फक्त ३४९ पुस्तकांत. एका पाच वर्षांच्या मुलीनं विचारलं होतं, चित्रात नेहमी गोरीच मुलं का? त्यातून ही मोजणी निघाली. त्याच काळातलं एझरा जॅक कीट्सचं ‘द स्नोई डे’ मला म्हणून आवडतं. लाल हिवाळी पोशाख घातलेला एक काळा मुलगा बर्फात खेळतो, बस्स. त्याला कुणी छळत नाही, तो कुणाला धडाही शिकवत नाही. घरशाळेच्या यादीत दुःखाच्या पुस्तकांइतकीच अशी बिनकामाची, मजेची पुस्तकं लागतात, आणि हे भान सगळ्याच पालकांना असतं असं नाही. मोठ्या मुलांसाठी मिल्ड्रेड टेलरची १९७६ची कादंबरी आहे, ‘रोल ऑफ थंडर, हिअर माय क्राय’. तिच्यात गोऱ्यांच्या शाळेनं वापरून टाकून दिलेली पुस्तकं काळ्या मुलांच्या वर्गात येतात. आतल्या तक्त्यात आधीच्या मुलांच्या नोंदी असतात, आणि त्यातून लहानग्याला आपली जागा कळते.

पुस्तकांपलीकडे प्रवासाचं म्हणाल तर तो सगळ्यांना परवडत नाही, हे आधी सांगायला हवं. ज्यांना जमतं ते घानाच्या किनाऱ्यावर जातात. १४८२ साली पोर्तुगीजांनी बांधलेला एल्मिनाचा किल्ला तिथे आहे. जवळच केप कोस्ट. तळघरांत गुलाम म्हणून न्यायची माणसं कोंडलेली, वरच्या मजल्यावर अधिकाऱ्यांची निवासस्थानं. ही रचना पुस्तकात वाचणं वेगळं, आणि जिना चढून-उतरून पायांना कळणं वेगळं. घाना सरकारनं २०१९ हे ‘परतीचं वर्ष’ म्हणून साजरं केलं. नाही जमलं, तर लुइझियानातला व्हिटनी मळा आहे; तिथे गोष्ट मालकाच्या वाड्याची नाही, राबणाऱ्यांची सांगतात. वॉशिंग्टनचं आफ्रिकी-अमेरिकी संग्रहालय तर फुकट.

या सगळ्यावर एक आक्षेप आहे, आणि तो कृष्णवर्णीयांच्याच घरातून येतो. ज्या शाळेच्या दारासाठी आजी-आजोबा लढले, तीच सोडायची? व्हर्जिनियात फार्मव्हिलच्या विद्यार्थ्यांनी १९५१ साली पडक्या शाळेविरुद्ध संप केला. त्यांचा खटला पुढे, शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४च्या ‘ब्राउन’ निकालात सामील झाला. तर गोऱ्या अधिकाऱ्यांनी काय करावं? १९५९ ते १९६४ सगळ्या परगण्यातल्या सरकारी शाळाच बंद ठेवल्या. काळी मुलं चर्चच्या तळघरांत शिकली, नाहीतर शिकलीच नाहीत. घरी शिकणं तेव्हा नाइलाज होता. आजची आई ते निवडून करते, हा फरक मोठा आहे. पण ती निवड नोकरी सोडून करावी लागते, आणि सहसा तिलाच सोडावी लागते. कायदेही राज्यागणिक वेगळे. न्यूयॉर्कमध्ये तिमाही अहवाल द्यावा लागतो. टेक्सासमध्ये कुणी विचारतही नाही. मला ही दुसरी ढील बरी वाटत नाही, कारण सगळीच घरं सूझीच्या त्या स्वयंपाकघरासारखी नसतात.

गोष्ट कुठून सुरू करायची, या प्रश्नाचा एक धागा आपल्याकडेही येतो. न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या शॉम्बर्ग या कृष्णवर्णीय संस्कृतीच्या संशोधन केंद्रात २०१३ साली भारतातल्या आफ्रिकी माणसांवर प्रदर्शन भरलं होतं. त्यात जंजिऱ्याचे सिद्दी होते, मलिक अंबर होता. इथिओपियात जन्मलेला, लहानपणी विकला गेलेला, हाताहातातून दख्खनमध्ये आलेला, पुढे निजामशाहीचा पेशवा. खडकी शहर वसवणारा, तिथे नहरीनं पाणी खेळवणारा, गनिमी काव्यानं मुघलांना जेरीस आणणारा. आपल्याकडे तो शहाजीराजांच्या पाठात येतो, भातवडीच्या लढाईपुरता. हार्लेमच्या मुलाला मात्र तो भलत्याच प्रश्नाचं उत्तर म्हणून भेटतो: जहाजावर चढवल्यानंतर आणखी काय काय होऊ शकलं असतं? त्याची कबर खुलताबादला आहे.