वीरगळ जागचा हलवू नये

कोल्हापूरच्या पश्चिमेला करवीर तालुक्यात बीड नावाचे गाव आहे. तिथल्या कल्लेश्वर मंदिराच्या परिसरात वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारकदगड, पाहायला मिळतात. ‘गळ’ हा शब्द कन्नड ‘कल्लु’ म्हणजे दगड यावरून आला आणि या सीमाभागात तो कुणाला परका वाटत नाही. वीरगळ खालून वर वाचायचा. सर्वांत खालच्या चौकटीत वीर मरून पडलेला असतो, कधी शेजारी गुरेही दिसतात. गुरे असली, तर तो गावची जनावरे पळवणाऱ्यांशी झुंजताना पडला असे समजायचे. त्यावर ढाल-तलवारीची लढाई, त्यावर अप्सरा त्याला स्वर्गात नेताना आणि माथ्याशी तो हात जोडून शिवलिंगापुढे बसलेला. दोन्ही अंगांना चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर ही कीर्ती राहील. शेजारच्या दगडावर कोपरात वाकवलेला, बांगड्या भरलेला हात असेल तर ती सतीशिळा.

मात्र बहुतेक वीरगळांवर एक अक्षरही नसते. कोल्हापूरवर राज्य करणाऱ्या शिलाहार घराण्याचे ताम्रपट आणि शिलालेख राजे सांगतात, दाने सांगतात. गंडरादित्य आणि दुसरा भोज हे राजे आपल्याला त्यातूनच कळतात. १२१२ च्या सुमारास यादव राजा सिंघणाने भोजाचे राज्य घेतले, हेही आपण लेखांच्या आधारेच म्हणतो. त्या धामधुमीच्या शतकांत गावाच्या वेशीवर जो पडला, त्याचे नाव कुणी कोरले नाही. त्याच्याबद्दल दोनच साक्षी उरतात, दगडावरचे चित्र आणि दगडाची जागा. दगड वेशीवर आहे की देवळापुढे, एकटा आहे की ओळीत, पाणवठ्याकडे तोंड करून आहे की जुन्या वाटेकडे, यावरून लढाईचा अंदाज बांधता येतो. म्हणून वीरगळ उचलला की निम्मा पुरावा तिथेच राहून जातो. असेच मुके दगड दूरवरही आहेत: मध्य युरोपातल्या खेड्यांत रस्त्याकडेला बुटके दगडी क्रूस आहेत. खून करणाऱ्याने मृताच्या नातलगांशी समेट करताना ते उभारून द्यायचे, अशी रीत तिथे १४ व्या ते १६ व्या शतकांत होती. त्यातल्या अनेकांवर नाव नाही, फार तर एखादी तलवार किंवा कुऱ्हाड कोरलेली. तिथे गुन्हेगार दगड उभारतो, इथे गाव उभारते. पण मुका दगड जागेमुळे बोलतो, हे दोन्हीकडे सारखेच.

यावर रास्त आक्षेप असा की, गावात ठेवले तर हे दगड टिकत नाहीत. कुणी त्यावर धुणे आपटतो, कुणी पायरीला लावतो, कुणी ऑइलपेंट फासतो. हे खरे आहे आणि संतापजनकही आहे. तडकलेला किंवा रस्त्याच्या कामात सापडलेला दगड कोल्हापूरच्या टाऊन हॉलमधील संग्रहालयासारख्या ठिकाणी गेला, तर त्याला माझा विरोध नाही. पण तो शेवटचा उपाय असावा. आधी मोजमाप, चारी बाजूंचे फोटो, दिशेची आणि वेशीपासूनच्या अंतराची नोंद व्हावी. दुसरा आक्षेप शेंदराचा. शेंदराचे थर कोरीव काम बुजवतात, हे मान्य. तरीही ज्या दगडाला गाव नारळ फोडते तो दगड पायरीला लागत नाही. इतकी शतके राखण पूजेनेच केली आहे, तिला शत्रू ठरवून संवर्धन होणार नाही.

मला जास्त भीती वाटते ती भक्तीने केलेल्या जीर्णोद्धाराची. देवळापुढे नवा कट्टा बांधतात, गावभरचे वीरगळ जेसीबीने आणतात आणि ओळीने सिमेंटमध्ये रोवतात. दगड उभा राहावा म्हणून हातभर बुडखा आत जातो आणि नेमकी खालची चौकट गडप होते. वर अप्सरा दिसतात, पूजा दिसते. तो कशासाठी मेला तेवढे दिसत नाही. न हललेल्या दगडांचीही तीच चौकट मातीत जाते, कारण शतकानुशतके भोवतालची जमीन चढत आली आहे. पण माती हाताने बाजूला करता येते. जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली दोन वीत माती काढली, तर तिथे कदाचित गाईचे शिंग दिसेल.