वाजतंय एकीकडं, बिघडलंय दुसरीकडं

कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका कामासाठी गेलो होतो. परतताना एका गॅरेजच्या दारात पाय थबकले. पांढरी मारुती 800 उभी होती. आत बसलेला पोरगा स्टिअरिंग डावीकडून उजवीकडे फिरवत होता आणि पन्नाशी उलटलेले मिस्त्री चाकाच्या वरच्या पोकळीत कोपरापर्यंत हात घालून स्प्रिंग धरून उभे होते. डोळे मिटलेले. "परत फिरव. सावकाश. हां, थांब." हात बाहेर काढून त्यांनी फडक्याला पुसला आणि गाडीच्या मालकाला म्हणाले, "काका, वरचं माउंटिंग ठीक हाय. शॉकअप पण ठीक हाय. उगं बदलू नका."

गिऱ्हाईक खिशात पैसे घेऊन आलंय आणि गॅरेजवालाच 'नको' म्हणतोय, हे मी पहिल्यांदाच बघत होतो. म्हणून तिथंच थांबलो आणि पुढेही त्या गॅरेजकडे जात राहिलो.

मिस्त्रींचं एक ठरलेलं वाक्य आहे. "शॉकअप गेलं म्हणून दहा गाड्या येत्यात, त्यातल्या सातांचं शॉकअप चांगलं असतंय." दहातल्या सात हा हिशेब त्यांनी कुठं मांडून ठेवलेला नाही. शिवाय दुसरीकडचा खर्च ऐकून घाबरलेली माणसंच बहुतेक त्यांच्याकडे येतात, तेव्हा आकडा थोडा चढा असणार. पण आकडा बाजूला ठेवला तरी पद्धत बघण्यासारखी आहे.

काकांची गाडी 1997 सालची. ते गारगोटीकडचे, एसटीतून निवृत्त झालेले. तक्रारी दोन. डाव्या पुढच्या चाकाकडून आवाज येतो आणि सकाळी गाडी हलवली की खाली तेलाचा डाग दिसतो. आधीच्या एका गॅरेजनं चिठ्ठीवर लिहून दिलं होतं: दोन्ही शॉकअप नवीन, आणि गिअरबॉक्स उतरवून क्रँकचं मागचं ऑइल सील. ती चिठ्ठी काकांनी घडी घालून वरच्या खिशात ठेवली होती आणि दर थोड्या वेळानं ती काढून बघत होते.

ट्रायलला मिस्त्री स्वतः गाडी चालवत नाहीत. आयटीआय झालेला पोरगा चालवतो, हे डाव्या सीटवर बसतात. काच खाली, पंखा बंद, आणि चपला काढून अनवाणी पाय खालच्या पत्र्यावर. मी मागे बसलो होतो. मला सगळीकडून नुसता खडखडाटच ऐकू येत होता. मिस्त्री त्यातून एकेक आवाज निवडून बाजूला काढत होते. वळताना स्टिअरिंग पूर्ण मारल्यावर 'कटकटकट' आलं तर अॅक्सलचा सीव्ही जॉइंट. वेगाबरोबर चढत जाणारी 'घूं' असेल तर चाकाचं बेअरिंग. खडखड चालू असताना ब्रेकवर हलका पाय ठेवला आणि ती बंद पडली, तर ब्रेकचं पॅड सैल आहे, सस्पेन्शनचा काही संबंध नाही.

मग स्पीडब्रेकर. आधी सरळ घेतला, दोन्ही चाकं एकदम वर. नंतर त्याच स्पीडब्रेकरच्या कडेनं, एकच चाक वर जाईल असा. दोन्ही चाकं एकदम उचलली गेली तर स्टॅबिलायझरची दांडी पिळली जात नाही. एकच उचललं गेलं की पिळते आणि तिचं रबर झिजलेलं असेल तर बोलते. काकांच्या गाडीचा आवाज या दोन्ही वेळी फारसा आला नाही. तो आला ब्रेक दाबताना, एकच 'टक्'. ब्रेक सोडून गाडी पुन्हा उचलताना दुसरा 'टक्'. मिस्त्री लगेच म्हणाले, "चाक मागं-पुढं सरकतंय. शॉकअपचा काय संबंध? शॉकअप वर-खाली चालतंय."

मारुती 800 च्या पुढच्या बाजूला स्टॅबिलायझरची दांडी दोन कामं करते. वळणावर गाडीला कलण्यापासून सावरते, आणि लोअर आर्मला पुढे-मागे जाऊ न देता धरूनही ठेवते. त्यामुळे तिच्या टोकाचं किंवा आर्मचं बुश ढिलं झालं की ब्रेक मारताना चाक किंचित मागे ओढलं जातं आणि लोखंडावर लोखंड आपटतं. गाडी खड्ड्यावर घेतली, मिस्त्री खाली उतरले आणि त्यांनी टॉमी अडकवून आर्म रेटला. डाव्या आर्मचं बुश सरळ सरळ जागा सोडत होतं.

आवाज सापडला, काम संपलं, असं मला वाटलं. मिस्त्रींनी मात्र त्या बुशावर बोट दाबलं आणि मला खाली बोलावून दाखवलं. रबर म्हातारं झालं की कडक होतं, त्याला चिरा पडतात. हे फुगलेलं होतं. बोट आत रुतत होतं आणि वर काढलं की काळा चिकटा लागत होता. "तेल पिलंय बघा हे." साधं रबर इंजिन ऑइलमध्ये भिजत राहिलं की फुगतं, मऊ पडतं आणि लोखंडाला धरून ठेवेनासं होतं. काकांच्या दोन तक्रारी खरं तर एकच होत्या. वरून गळणाऱ्या तेलानं खालचा आवाज जन्माला घातला होता. नुसतं बुश बदललं असतं तर नवीनही त्याच तेलात भिजून गेलं असतं.

आता तेल कुठलं? इंजिन आणि गिअरबॉक्स जिथं जुळतात तिथं ओल होती. चिठ्ठीतलं मागचं सील तिथंच असतं, गिअरबॉक्सचं सीलही तिथंच. मिस्त्रींनी बोटावर थेंब घेतला आणि नाकाशी धरला. नंतर कोपऱ्यातला एक डबा उघडून माझ्यापुढे केला. दुसऱ्या एका गाडीतून काढलेलं गिअर ऑइल होतं. त्यात गंधकयुक्त रसायनं घातलेली असतात, म्हणून त्याला असा उग्र वास येतो की घरी जाऊन आंघोळ केली तरी तो माझ्या नाकातून गेला नाही. बोटावरच्या थेंबाला तो वास नव्हता. काळसर, जळकट वासाचं साधं इंजिन ऑइल. म्हणजे गिअरबॉक्सचं सील संशयातून सुटलं.

तेल उतारानं खाली येतं आणि चालत्या गाडीत वाऱ्यानं मागे जातं. थेंब पडतो ती जागा म्हणूनच फसवी. ओल सगळ्यात वर आणि सगळ्यात पुढे कुठं आहे ते बघायचं, हे मिस्त्रींचं सूत्र. त्यासाठी इंजिन डिझेलनं धुतलं, कॉम्प्रेसरनं कोरडं केलं आणि वर टाल्कम पावडर मारली. पांढरं झालेलं इंजिन चालू ठेवून आम्ही चहा घेतला. परत येऊन बघतो तर टॅपेट कव्हरचं पॅकिंग कोरडं होतं. पण हेडच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला डिस्ट्रिब्युटर बसतो, त्याच्या बुडातून एक बारीक काळी रेघ पावडरीतून निघून, हेडच्या कडेवरून वळत, थेट त्या सांध्यापर्यंत उतरली होती. मागचं सील बिचारं निर्दोष. गेली होती डिस्ट्रिब्युटरच्या बुडाची रबरी रिंग. ती बदलायला गिअरबॉक्सला हातही लावावा लागत नाही.

रिंग टाकायच्या आधी मिस्त्रींनी चालू इंजिनाचं ऑइलचं झाकण काढून तळवा वर धरला. आतून वाफेचे झोत बसत असतील तर ब्रीदर चोंदलेला असू शकतो, आणि मग आतला दाब चांगल्या सीलमधूनही तेल बाहेर ढकलतो. काकांच्या गाडीचा ब्रीदर थोडा भरलेला होता, तो साफ केला. बुश शेजारच्या प्रेसवाल्याकडून दाबून आणले. आर्म बसवला, पण बोल्ट शेवटचा आवळला तो गाडी जॅकवरून उतरवून, चाकांवर उभी करून. चाक लोंबकळत असताना आवळलं तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. हे माहीत असलेले कितीतरी जण घाईत तेवढं टाळतात.

बिल झालं रिंग, बुश आणि मजुरीचं. चिठ्ठीतल्या रकमेच्या जवळपासही नाही. धुणं, पावडर, ट्रायल आणि विचार यात अर्धा दिवस गेला होता. त्याची बिलात ओळच नव्हती. मी विचारलं तर मिस्त्री हसले. "बघायचं पैसं मागितलं तर गिऱ्हाईक म्हणंल, काय केलंस काय तू?" चांगले शॉकअप विनाकारण का बदलले जातात, त्याचं उत्तर मला इथं सापडलं. सुटा भाग बदलला तर बिलात दाखवता येतो, त्यावर नफाही मिळतो. भाग वाचवला तर मिळकत बुडते. चिठ्ठी देणारा दरवेळी लबाडच असतो असं नाही. शोधायला लागणारा वेळ त्याला कोणी देत नाही, म्हणून तो अंदाजानं भाग लिहितो.

पहिली मारुती 800 डिसेंबर 1983 मध्ये ग्राहकाला मिळाली आणि 2014 च्या जानेवारीत उत्पादन थांबलं. मधल्या काळात 25 लाखांहून जास्त गाड्या विकल्या गेल्या. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची, म्हणजे 2029 साली अगदी शेवटच्या 800 चीही मुदत भरेल. पुढे पाच-पाच वर्षांनी आरटीओत तपासणी आणि नूतनीकरणाचं शुल्क, जे एप्रिल 2022 मध्ये 5,000 रुपये झालं होतं. एवढं करूनही जी माणसं जुनी गाडी ठेवतात, त्यांना नव्या भागांपेक्षा बरोबर निदानाची जास्त गरज असते.

तेव्हा गाडी टाकायला जाताना 'शॉकअप गेलंय' असं सांगू नका. आवाज ब्रेकवर येतो, वळणावर येतो की एका चाकाच्या खड्ड्यात, तेवढं सांगा. तेल गळत असेल तर आधी इंजिन धुऊन बघायला सांगा, गिअरबॉक्स नंतर. काढलेला भाग हातात घेऊन बघा. आणि जो मिस्त्री तुमचा एखादा भाग वाचवेल, त्याला तपासणीचे पैसे न मागता, वेगळे द्या. बिलात ती ओळ आली, तरच हे काम पुढच्या पोरांना शिकावंसं वाटेल.