मोबाईल टीव्हीचा रिमोट होतो, पण प्रत्येक फोन नाही! अ‍ॅप डाउनलोड करण्याआधी हे तपासा

टीव्हीचा रिमोट सोफ्याच्या फटीत गेला, पोरांनी आपटला किंवा सेल गळून आतून खराब झाला, की हल्ली दुकानात जाण्याआधी प्ले स्टोअर उघडलं जातं. 'टीव्ही रिमोट' एवढे दोन शब्द टाकले की अ‍ॅपची रांगच समोर येते. बहुतेकांचा दावा एकच, कोणत्याही फोनवरून कोणताही टीव्ही चालवा. प्रत्यक्षात एका घरात हे अ‍ॅप दोन मिनिटांत चालतं आणि शेजारच्या घरात तेच अ‍ॅप नुसत्या जाहिराती दाखवत बसतं. असं का होतं?

फोनवरून टीव्हीपर्यंत हुकूम जायला मुख्यतः दोन वाटा आहेत. एक इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा प्रकाश. दुसरी वाय-फाय. आपल्या फोन आणि टीव्हीमध्ये यातली कोणती वाट उघडी आहे, हे कळलं की कोणतं अ‍ॅप घ्यायचं हा प्रश्न जवळपास सुटतो.

आधी रिमोट खरंच बिघडलाय का ते पाहा

फोनचा सेल्फी कॅमेरा सुरू करा, रिमोटचं टोक कॅमेऱ्यासमोर धरा आणि कोणतंही बटण दाबा. स्क्रीनवर जांभळट किंवा पांढरा ठिपका लुकलुकताना दिसला, तर रिमोट जिवंत आहे. मग अडचण टीव्हीच्या बाजूला असण्याची शक्यता जास्त. कधी कधी टीव्हीच्या सेन्सरसमोर साउंडबार किंवा फ्लॉवरपॉट ठेवलेला असतो, इतकंच. ठिपका दिसला नाही तर नवे सेल घालून पुन्हा बघा. मागच्या मुख्य कॅमेऱ्यातून हा प्रयोग अनेकदा फसतो, कारण त्यात इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर असतो. ब्लूटूथवर चालणाऱ्या रिमोटलाही ही चाचणी लागू होत नाही.

इन्फ्रारेड: सगळा खेळ एका छोट्या दिव्याचा

साध्या रिमोटच्या टोकाला एक एलईडी असतो. त्यातून सुमारे ९४० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश निघतो. बटण दाबलं की हा दिवा सेकंदाला साधारण ३८ हजार वेळा उघडझाप करतो. ट्यूबलाइट आणि उन्हातही इन्फ्रारेड असतं, त्या गर्दीत रिमोटचा इशारा वेगळा ओळखता यावा म्हणून हा खटाटोप. या उघडझापीचे लहान-मोठ्या अंतराने तुकडे पाडले जातात आणि त्यातून टीव्ही शून्य-एकचा कोड वाचतो. अनेक कंपन्या वापरतात त्या 'एनईसी' पद्धतीत एका बटणाचा कोड ३२ बिटांचा असतो. सोनीची पद्धत ४० किलोहर्ट्झवर चालते, तर फिलिप्सची जुनी 'आरसी-५' पद्धत ३६ वर.

म्हणजे 'युनिव्हर्सल रिमोट' अ‍ॅप हा मुळात एक शब्दकोश असतो. कोणत्या कंपनीच्या कोणत्या बटणाचा कोड काय, याची मोठी यादी. अ‍ॅप 'पॉवर बटण दाबा, टीव्हीने प्रतिसाद दिला का?' असं पुन्हा पुन्हा विचारतं, तेव्हा ते या शब्दकोशाची पानं उलटत असतं.

पण शब्दकोश कितीही मोठा असला तरी फोनमध्ये तो दिवाच नसेल तर उपयोग शून्य. अँड्रॉइडने २०१३ मध्ये, ४.४ या आवृत्तीपासून, अ‍ॅपना फोनमधला इन्फ्रारेड दिवा वापरायची सोय दिली. त्या काळात हे फीचर महागड्या फोनमध्ये मिरवलं जायचं. सॅमसंग गॅलेक्सी एस४, एस५, एस६ मध्ये ते होतं, २०१६ च्या एस७ मध्ये गायब झालं. आयफोनमध्ये टीव्ही चालवण्यासाठीचा असा दिवा कधीच नव्हता. गंमत म्हणजे आज तो स्वस्त आणि मध्यम किमतीच्या फोनमध्ये सहज सापडतो. शाओमी, रेडमी आणि पोकोच्या बऱ्याच मॉडेलमध्ये तो आहे, इतर कंपन्यांच्या मोजक्या फोनमध्येही आहे. फोनच्या वरच्या कडेवर माइकच्या छिद्राशेजारी काळसर, चकचकीत ठिपका दिसतो का ते पाहा. खात्री करायची तर मॉडेलच्या माहितीत 'आयआर ब्लास्टर' हे शब्द शोधा.

ठिपका असेल तर काम सोपं. शाओमीच्या अशा फोनमध्ये 'मी रिमोट' अ‍ॅप बहुधा आधीच असतं. इंटरनेट नसलं, टीव्ही जुना असला, तरी चालतं. एसी आणि रिमोटवाला पंखाही चालतो. फक्त फोन टीव्हीच्या दिशेने धरायचा, मध्ये काही आलं की इशारा अडतो. शिवाय ही वाट एकतर्फी आहे. हुकूम पोहोचला की नाही, हे फोनला कळत नाही. आणि इथे ओळख-पाळख, पासवर्ड असलं काही नसतं. दवाखान्याच्या वेटिंग रूममध्ये चॅनल आपोआप बदलायला लागलं, तर एखाद्या खिशातल्या फोनवर संशय घ्यायला हरकत नाही.

चॅनल का बदलत नाही?

इन्फ्रारेड अ‍ॅपबद्दलची ही नेहमीची तक्रार. आपल्याकडे केबल किंवा डिशवाल्या घरात यंत्रं दोन असतात. आवाज आणि पॉवर टीव्हीच्या हातात, चॅनल सेट-टॉप बॉक्सच्या. अ‍ॅपमध्ये फक्त टीव्हीची कंपनी निवडली, तर आवाज कमी-जास्त होईल, पण बातम्यांवरून मॅचवर जाता येणार नाही. बॉक्स वेगळं उपकरण म्हणून अ‍ॅपमध्ये जोडावा लागतो. डीडी फ्री डिश पाहणाऱ्यांना इथे जरा धीर धरावा लागेल, कारण त्याचे बॉक्स अनेक कंपन्या बनवतात आणि योग्य कोड सापडेपर्यंत एकेक पर्याय दाबून बघावा लागतो. आवाजावर चालणारे काही नवे बॉक्स ब्लूटूथ रिमोट वापरतात, त्यांची सगळी बटणं इन्फ्रारेडवरून चालतीलच असं नाही.

वाय-फाय: फोन कोणताही चालेल, टीव्ही स्मार्ट हवा

दुसरी वाट आयफोनसह सगळ्या स्मार्टफोनना खुली आहे. अट अशी की टीव्ही स्मार्ट हवा आणि फोन-टीव्ही एकाच वाय-फायवर हवेत. अ‍ॅप घरच्या नेटवर्कवर हाक मारतं, टीव्ही ओ देतो आणि पडद्यावर कोड दाखवतो. तो फोनवर टाकला की दोघांची जोडी जमते.

यासाठी अनोळखी अ‍ॅप घ्यायची गरजच नसते. अँड्रॉइड टीव्ही किंवा गुगल टीव्ही प्रणाली असलेल्या टीव्हीसाठी गुगलचं 'गुगल टीव्ही' अ‍ॅप आहे, त्यातच रिमोटचं बटण मिळतं. सोनी, टीसीएल, शाओमी यांच्या अनेक टीव्हींवर हीच प्रणाली असते. सॅमसंगसाठी 'स्मार्टथिंग्ज', एलजीसाठी 'थिनक्यू', अ‍ॅमेझॉनच्या स्टिकसाठी 'फायर टीव्ही'. ही सगळी मोफत आहेत. यांचा खरा फायदा टायपिंगमध्ये. रिमोटच्या बाणांनी एकेक अक्षर शोधत ओटीटीचा पासवर्ड टाकण्याची शिक्षा टळते आणि फोनच्या कीबोर्डवर ते काम काही सेकंदांत होतं.

टीव्ही अ‍ॅपमध्ये दिसतच नसेल, तर आधी फोन मोबाईल डेटावर नाही ना ते बघा. राउटरचं 'गेस्ट' नेटवर्कही बहुधा एका उपकरणाला दुसरं दिसू देत नाही. आयफोनवर २०२० च्या आयओएस १४ पासून 'लोकल नेटवर्क'ची परवानगी विचारली जाते. घाईत 'नको' म्हटलं असेल तर सेटिंगमध्ये जाऊन ती सुरू करावी लागते.

बंद टीव्ही सुरू करणं हा वाय-फायचा कच्चा दुवा. टीव्ही स्टँडबायवर असेल आणि त्याच्या सेटिंगमध्ये मोबाईलवरून सुरू करण्याचा पर्याय चालू असेल, तरच तो जागा होतो. रात्री भिंतीवरचा स्विच बंद करायची सवय अनेक घरांत आहे. ती वीज वाचवते, पण सकाळी स्विच लावल्यावर काही टीव्ही स्टँडबायवरच थांबतात आणि वाय-फायला उत्तर देत नाहीत. मग टीव्हीच्या खालच्या किंवा मागच्या बाजूला असलेलं बटण शोधावं लागतं.

रिमोट हरवला आणि वाय-फायही बदललं, तर?

घर बदलल्यावर किंवा नवं कनेक्शन घेतल्यावर हा पेच हमखास येतो. अ‍ॅपला वाय-फाय हवं आणि टीव्हीला नवं वाय-फाय जोडायला रिमोट हवा. यावर एक जुगाड आहे. एका फोनचा हॉटस्पॉट सुरू करा आणि त्याला जुन्या वाय-फायचंच नाव आणि तोच पासवर्ड द्या, लहान-मोठ्या अक्षरांसकट. टीव्ही त्याला जुनंच नेटवर्क समजून जोडला जातो. दुसरा फोन त्याच हॉटस्पॉटवर घ्या, अ‍ॅप उघडा आणि टीव्हीच्या सेटिंगमधून नवं वाय-फाय जोडा. अँड्रॉइड टीव्ही असेल तर आणखी सोपं. कॉम्प्युटरचा यूएसबी माउस टीव्हीला लावला की पडद्यावर बाण येतो.

रिमोटला तुमचे संपर्क कशाला हवेत?

जानेवारी २०१९ मध्ये ट्रेंड मायक्रो या सायबर सुरक्षा कंपनीने प्ले स्टोअरवरच्या ८५ बनावट अ‍ॅपची माहिती जाहीर केली. गेम आणि रिमोटचं सोंग घेतलेली ही अ‍ॅप एकूण ९० लाख वेळा डाउनलोड झाली होती. त्यात सगळ्यात पुढे होतं 'ईझी युनिव्हर्सल टीव्ही रिमोट', ५० लाखांहून अधिक डाउनलोड. टीव्ही चालणं दूरच, बटण दाबलं की पूर्ण स्क्रीनभर जाहिरात. यातली काही अ‍ॅप स्वतःचा आयकॉन लपवून मागे चालूच राहायची. गुगलने ती काढून टाकली, पण 'टीव्ही रिमोट' शोधणाऱ्या घाईतल्या माणसाला गाठायची युक्ती जुनी झालेली नाही.

इन्फ्रारेड अ‍ॅपला काम करायला वेगळी परवानगी विचारावी लागत नाही. वाय-फायवाल्याला आसपासची उपकरणं शोधायची परवानगी आणि आवाजाने शोधायचं असेल तर माइक, एवढं पुरे. संपर्क, एसएमएस, कॉलची नोंद, 'इतर अ‍ॅपवर दिसणे' किंवा 'अ‍ॅक्सेसिबिलिटी' मागणारं रिमोट अ‍ॅप तिथेच काढून टाका. फोनमध्ये इन्फ्रारेड नसताना जुना, साधा टीव्ही चालवून दाखवतो म्हणणारं अ‍ॅपही सरळ खोटं बोलतंय.

'तीन दिवस मोफत' म्हणणाऱ्या अ‍ॅपबाबतही सावध राहा. अ‍ॅप डिलीट केल्याने सबस्क्रिप्शन थांबत नाही, पैसे कापले जात राहतात. ते प्ले स्टोअरमध्ये प्रोफाइलच्या चित्रावर टॅप करून, 'पेमेंट आणि सबस्क्रिप्शन'मध्ये जाऊन रद्द करावं लागतं. आयफोनवर सेटिंगमध्ये स्वतःच्या नावाखाली हा पर्याय असतो.

घरात आजी-आजोबा दिवसभर एकटे असतील, तर या सगळ्यापेक्षा डुप्लिकेट रिमोट आणलेला बरा. ज्याच्या फोनवर अ‍ॅप, तो ऑफिसला गेला की रिमोटही ऑफिसला जातो. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात जाताना टीव्हीच्या मागच्या स्टिकरचा फोटो घेऊन जा, त्यावर मॉडेल नंबर असतो. आणि स्मार्ट टीव्हीचा रिमोट घेताना माइकचं बटण चालतं का, हे दुकानदाराला आधीच विचारा. स्वस्त डुप्लिकेटमध्ये बऱ्याचदा फक्त इन्फ्रारेड असतं, त्यामुळे आवाज आणि चॅनल चालतात, पण बोलून शोधायचं बटण नुसतं शोभेचं राहतं.