बोटीवरची माणसे आणि ५ एप्रिल



आपल्या मोऱ्याच्या धक्क्यावर उभे राहिले की काय दिसते ते कुणाला सांगायला नको. समोर घारापुरीचा डोंगर, भाऊच्या धक्क्याहून येणारी लाँच, आणि ओहोटी असली की चिखलच चिखल. त्याच्याही पलीकडे मोठमोठ्या मालाच्या बोटी नांगर टाकून उभ्या असतात. जन्मापासून बघतो म्हणून आपले त्यांच्याकडे लक्षच जात नाही. पण त्यांच्यावर माणसे असतात. ती कोण असतात, काय करतात, हे मी या लेखात सांगणार आहे. माझे आजोबा बोटीवर होते, म्हणून थोडे मला घरातच कळले. बाकीचे पुस्तकांतून आणि गुरुजींना विचारून घेतले.

आधी एक घोळ मिटवू या. आपल्या उरण भागात ‘नेव्ही’ म्हटले की सगळ्यांना करंजाकडचा नौदलाचा डेपो आठवतो. ती लढाईची नेव्ही. आजोबा होते ते मर्चंट नेव्हीत, म्हणजे व्यापारी बोटींवर. त्यांच्याकडे तोफ नाही, बंदूक नाही. निशाणसुद्धा वेगळे. आपल्या नौदलाच्या जहाजावर पांढरे निशाण असते आणि व्यापारी बोटीवर लाल, त्याच्या वरच्या कोपऱ्यात तिरंगा. आता लाँचमधून जाल तेव्हा बोटीच्या मागच्या टोकाला बघा. सगळ्याच बोटी आपल्या नसतात, पण लाल निशाण दिसले की ती आपली असू शकते. मात्र कोपऱ्यातला तिरंगा नीट बघा, कारण इंग्रजांच्या व्यापारी बोटीचे निशाणही लालच असते.

आपल्या देशाचा परदेशांशी जो व्यापार चालतो, त्यातला वजनाने मोजला तर १०० पैकी ९५ भाग माल समुद्रातून येतो-जातो. लाँच ज्यातून चालते ते तेल बाहेरून बोटीने येते आणि त्यातले बरेच बुचर बेटावर म्हणजे जवाहर द्वीपावर उतरते. आईच्या डब्यातले पामतेल इंडोनेशिया-मलेशियाहून येते, आणि तूरडाळ कमी पडली तर ती पार आफ्रिकेतल्या मोझांबिकहून. आपल्या शेजारचे न्हावा-शेवा बंदर १९८९ साली सुरू झाले. तिथले कंटेनर ट्रकवर चढलेले आपण रोज बघतो. ते तिथवर आणणारी माणसे मात्र आपल्याला दिसत नाहीत.

आता ५ एप्रिल. त्या दिवशी १९१९ साली ‘लॉयल्टी’ नावाची आगबोट मुंबईहून लंडनला निघाली. ही बोट सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन या नव्या भारतीय कंपनीची होती. वालचंद हिराचंद, म्हणजे आपल्या सोलापूरचे, आणि नरोत्तम मोरारजी यांच्यासारख्या व्यापाऱ्यांनी ती कंपनी काढली. बोट जुनीच होती. पहिल्या महायुद्धात ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी ती जखमी सैनिकांसाठी दवाखान्याची बोट म्हणून दिली होती. त्या काळी समुद्रातला सगळा धंदा इंग्रज कंपन्यांच्या हातात. नवी भारतीय कंपनी आली की त्यांनी भाडे इतके उतरवायचे की हिच्याकडे कुणी माल देऊच नये. तरी ही कंपनी टिकली. तिच्या पहिल्या सफरीचा दिवस म्हणून १९६४ सालापासून ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिवस पाळतात. त्याआधीच्या आठवड्यात पंतप्रधानांना मर्चंट नेव्हीचे छोटे निशाण लावतात. पेपरात फोटो येतो. पण निशाण लावण्यापलीकडे त्या दिवशी ज्यांची नावे घ्यावीत, अशी माणसे पुष्कळ आहेत.

कंपनीचा मालक कुणीही असो, काम करणारे खलाशी आपलेच होते. इंग्रजांच्या बोटींवरसुद्धा. दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा इंग्रजांच्या व्यापारी बोटींवर दर चार माणसांत साधारण एक हिंदुस्थानी होता. डेकवर कोकणातले, त्यात रत्नागिरीकडचे जास्त, आणि गुजरातचे. खाली भट्टीत पंजाब आणि सिलहटकडचे. जेवणघरात गोव्याचे. त्यांच्या हुद्द्यांची नावे मला फार आवडतात. सारंग म्हणजे खलाशांचा म्होरक्या, टिंडेल म्हणजे त्याच्या हाताखालचा, सुकाणी म्हणजे चक्र धरणारा, कसब म्हणजे कोठारातले सामान सांभाळणारा, भंडारी म्हणजे स्वयंपाकी, आणि आगवाला म्हणजे भट्टीत कोळसा टाकणारा.

या आगवाल्यांबद्दल थोडे जास्त सांगतो. भट्टी बोटीच्या तळाशी, पाण्याच्या पातळीच्या खाली. वर हिवाळा असला तरी खाली अंगाची लाही. पाणबुडीने टॉर्पेडो सोडला की तो पाण्याखालूनच येऊन लागतो, म्हणजे पहिला तडाखा यांनाच. शिडी चढून वर यायला वेळ मिळायचाच असे नाही. वरचा माणूस निदान उडी तरी टाकू शकतो. आणि पगार? गोऱ्या खलाशाच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास. १९३९ साली युद्ध सुरू होताच हिंदुस्थानी खलाशांनी इंग्लंडच्या आणि इतर ठिकाणच्या बंदरांत संप केले. कित्येकांना तुरुंगात टाकले, पण शेवटी पगार वाढवून द्यावाच लागला. मला वाटते, हेसुद्धा धाडसच. परक्या मुलुखात, भाषा येत नसताना, बोटीवर चढणार नाही असे म्हणणे सोपे नाही.

सिंदिया कंपनीच्या पुष्कळ बोटींची नावे ‘जल’ने सुरू व्हायची. त्यांतल्या जलराजन, जलतरंग आणि जलपालक या तीन बोटी जपानी पाणबुड्यांनी १९४२ च्या एका जानेवारी महिन्यात बुडवल्या. जलबाला १९४३ साली आपल्या अरबी समुद्रात गेली. त्यांच्यावर कुठली फौज नव्हती, होता तो माल आणि खलाशी.

चौथी गोष्ट तर आपल्या समोरच्या किनाऱ्याची आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या बोटीला आग लागली. भाऊच्या धक्क्यापासून ही जागा लांब नाही. बोटीत कापसाच्या गासड्या होत्या आणि सुमारे १४०० टन दारूगोळा. दुपारी चारनंतर अर्ध्या तासाच्या आत दोन स्फोट झाले. शेजारी उभी असलेली सिंदियाची जलपद्मा ही हजारो टनांची बोट पाण्यातून उचलली जाऊन धक्क्यावर आपटली. बोट उडून धक्क्यावर पडली, याचा नुसता विचार करून बघा. शेकडो माणसे मेली. आग विझवताना ६६ अग्निशामक जवान गेले, म्हणून १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन असतो. गोदीतले कामगार आणि खलाशीही त्यात गेले.

स्वातंत्र्यानंतर तरी हे थांबले का? नाही. डिसेंबर १९७१ च्या युद्धात कॉक्स बाजारच्या किनाऱ्यावर उतरवायचे आपले सैन्य कलकत्त्याहून ‘विश्वविजय’ या व्यापारी बोटीने नेले होते. वाटेत समुद्रातच ते नौदलाच्या जहाजांवर चढवले. १९८० ते १९८८ इराण-इराकची लढाई चालली, त्यात आखातात शेकडो व्यापारी बोटींवर हल्ले झाले. ज्यांचे भांडण नाही त्यांच्यावरही. आजोबा तेव्हा तेलाच्या बोटीवर सुकाणी होते. मी विचारले, “आजोबा, भीती नाही वाटली?” तर म्हणाले, “अरे पोरा, वाटायची की. लाइफ जॅकेट उशाला घेऊन झोपायचो. पण चक्र धरलं की भीतीला जागा नसते, होकायंत्र बघायचं असतं.” घरी मात्र त्यांनी पत्रात यातले काहीच लिहिले नाही. आजी म्हणते, पत्रात नेहमी एकच, इकडे सर्व क्षेम, भात लावून झाला का.

आजी त्या पत्रांची वाट बघायची. आठ-नऊ महिन्यांचे कंत्राट, पत्र यायला कधी महिना. आता बोटीवरून फोन लागतो, तरी वाट बघणे संपलेले नाही. २०२० साली करोनात बंदरे बंद झाली आणि जगभरातले सुमारे ४ लाख खलाशी कंत्राट संपूनही बोटीवर अडकून पडले. आपण घरात बसलो होतो तेव्हा धान्य आणि तेल घेऊन बोटी येतच होत्या. २६ जानेवारी २०२४ ला आपण शाळेत झेंडावंदन केले, त्याच दिवशी एडनच्या आखातात ‘मार्लिन लुआंडा’ या तेलवाहू बोटीवर क्षेपणास्त्र आदळले. तिच्यावर २२ भारतीय आणि १ बांगलादेशी होते. आपल्या नौदलाची आयएनएस विशाखापट्टणम धावून गेली. नौदलाचे जवान आणि खलाशी यांनी मिळून आग विझवली. सगळे वाचले.

जे वाचले नाहीत त्यांच्यासाठी मुंबईत मस्जिद स्टेशनजवळ, खलाशांच्या जुन्या सेलर्स होममध्ये एक स्मारक आहे. पहिल्या महायुद्धातल्या दोन हजारांहून जास्त नाविकांचे ते आहे. त्यांना समुद्राशिवाय दुसरी कबर नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या सहा हजारांहून जास्त नाविकांची नावे नोंदवहीत आहेत. तशीच नोंदवही बांगलादेशात चितगावला ठेवली आहे. त्यांतले बहुतेक व्यापारी बोटींवरचेच. आपल्यातले कितीतरी जण कापड आणायला मस्जिदला जातात, पण हे स्मारक फारसे कुणी बघत नाही. आजोबा दोन बोटींच्या मधल्या दिवसांत त्या होममध्ये राहिले आहेत, म्हणून त्यांना ठाऊक.

खलाशाच्या सरकारी दाखल्याला आजोबा ‘नळी’ म्हणतात. पूर्वी तो कागद गुंडाळून पत्र्याच्या नळीत ठेवायचे, म्हणून हे नाव पडले. पुढे त्याचे पुस्तक झाले, तरी नाव तेच राहिले. त्यात प्रत्येक बोटीचे नाव, चढल्याची तारीख, उतरल्याची तारीख आणि शिक्का असतो. आजोबांच्या नळीत अशी १७ पाने भरलेली आहेत. त्यांनी ती आठवडाभर शाळेत ठेवायला दिली आहे. गुरुजींच्या टेबलावर काचेखाली आहे, बघा, पण हात लावू नका.

गावात आणखी कुणाच्या घरी नळी असेल, किंवा घरातले कुणी बोटीवर जाऊन परत आले नसेल, तर या लेखाखाली कोरा कागद चिकटवला आहे. त्यावर त्यांचे नाव, हुद्दा आणि ठाऊक असेल तर बोटीचे नाव लिहावे. पेन्सिल दोऱ्याला बांधली आहे. पहिल्या ओळीवर आजोबांचे नाव मी लिहिले आहे, दुसऱ्या ओळीपासून जागा आहे.