सोनं नाही, कपबशी!

बालदोस्तांनो, घरातली चिनी मातीची कपबशी हातात घ्या आणि नखाने हळूच टिचकी मारा. टण्ण! आवाज आला ना? सव्वातीनशे वर्षांपूर्वी अशी कपबशी युरोपात कुणालाच बनवता येत नव्हती. ती चीन-जपानहून जहाजाने यायची आणि राजेरजवाडे ती हौसेने घेत.

ही विद्या युरोपात सापडली ती जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांतात. एल्ब नदीकाठच्या या मुलखावर वेटिन घराण्याचं राज्य होतं. १०८९ साली त्यांना माइसन परगणा मिळाला. १४२३ मध्ये ते सॅक्सनीचे 'इलेक्टर' झाले, म्हणजे सम्राट निवडण्याचा मान त्यांना मिळाला. पुढे १४८५ मध्ये अर्न्स्ट आणि आल्ब्रेख्ट या दोघा भावांनी वाटण्या केल्या. अर्न्स्टच्या शाखेतला एक राजपुत्र तुमच्या ओळखीचा निघेल. राणी व्हिक्टोरियाचा नवरा प्रिन्स आल्बर्ट! मुंबईत भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाला पूर्वी या दोघांचंच नाव होतं.

आल्ब्रेख्टच्या शाखेत झाला बलदंड ऑगस्टस. १६९७ मध्ये तो पोलंडचाही राजा झाला. पण त्याला वेड होतं चिनी मातीच्या भांड्यांचं. किती? १७१७ मध्ये १५१ भांड्यांच्या बदल्यात त्याने शेजारच्या प्रशियाच्या राजाला आपले ६०० घोडदळ शिपाई देऊन टाकले! त्या बिचाऱ्या शिपायांना विचारलं कुणी?

याच राजाच्या तावडीत एक मुलगा सापडला. योहान ब्योटगर बर्लिनला औषधाच्या दुकानात शिकाऊ होता. "मला सोनं बनवता येतं," अशी थाप त्याने मारली. ती प्रशियाच्या राजाच्या कानावर गेली. घाबरून तो १७०१ मध्ये सॅक्सनीत पळाला, तर ऑगस्टसने त्यालाच डांबून ठेवलं. "बनव सोनं!" तेव्हा तो होता अवघा एकोणीस वर्षांचा.

वर्षं गेली, सोनं काही बनेना. मग चिर्नहाउस नावाच्या शास्त्रज्ञाबरोबर तो भट्टीपुढे बसला. निरनिराळ्या माती भाजून पाहणं, फसणं, पुन्हा भाजणं. शेवटी १७०८ मध्ये पांढरी, कडक चिनी माती साधली! १७१० मध्ये माइसनच्या किल्ल्यात कारखाना निघाला. किल्ल्यात का? गुपित फुटू नये म्हणून. ब्योटगरची सुटका मात्र १७१४ मध्ये झाली आणि १७१९ मध्ये, ३७ व्या वर्षी तो वारला.

वेटिनांचं राज्य १९१८ मध्ये संपलं. पण ड्रेस्डेन शहरात आजही १०२ मीटर लांबीची एक भिंत आहे. तिच्यावर या घराण्यातल्या ३५ राज्यकर्त्यांची घोड्यावरची मिरवणूक आहे. चित्र रंगवलंय माइसनच्या सुमारे २३,००० फरश्यांवर. फेब्रुवारी १९४५ मध्ये बॉम्बवर्षावात शहर जळालं, तरी ही भिंत जवळपास जशीच्या तशी राहिली. भट्टीत तावून निघालेली माती ती!

ही गोष्ट मी वर्गात सांगितली, तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, मग राजाला सोनं मिळालंच नाही?"

मी म्हटलं, "मिळालं की! त्या भांड्यांना लोक 'पांढरं सोनं'च म्हणत. पण ते थापेने नाही मिळालं, भट्टीपुढे बसून मिळालं."

तर दोस्तांनो, आता कपबशी जपून जागेवर ठेवा बरं. फुटली, तर आईला सांगू नका की बाईंनी टिचकी मारायला सांगितली होती!