हीटर घेण्याआधी वर बघा

थंडी पडली की राज्यातल्या नीचांकी तापमानाच्या बातम्यांमध्ये अहिल्यानगरचं नाव वारंवार दिसू लागतं. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ६५० मीटर उंचीवर. हवा कोरडी, आकाश निरभ्र. दिवसभर तापलेली जमीन रात्री झपाट्यानं निवते, पहाटे पारा दहाच्या आसपास किंवा त्याखाली उतरतो आणि दुपारी पुन्हा स्वेटर नकोसा होतो. ऊन वर आल्यावर घराबाहेर पडणाऱ्याचं यात काही बिघडत नाही. नागापूर एमआयडीसीतून जॉबवर्क आणून घरामागच्या शेडमध्ये लेथ चालवणाऱ्याचं मात्र बिघडतं. बोटं आखडली की माप चुकतं. सुतारकाम करणाऱ्याचा फेविकॉल लवकर धरत नाही, रंग वाळत नाही.

मग हीटरची खरेदी. दुकानात एकच प्रश्न होतो : खोली केवढी? दहा बाय बारा म्हटलं की दोन हजार वॅटचा खोका समोर येतो. माझ्या मते हा प्रश्न अपुरा आहे. आपल्या जिल्ह्यात घरच्या वर्कशॉपवर बहुधा पत्रा असतो, आणि हीटर केवढा लागेल हे जमिनीपेक्षा तो पत्रा जास्त ठरवतो.

हिशेब अवघड नाही. आत-बाहेर एका अंशाचा फरक असेल, तर एक चौरस मीटर पत्र्यातून ढोबळमानानं ७ वॅट उष्णता निसटते. प्लास्टर केलेल्या नऊ इंची विटेच्या भिंतीतून २ वॅट. दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली घ्या. छत ११ चौरस मीटर, म्हणजे ७७ वॅट. चारही भिंती मिळून ४१ चौरस मीटर, म्हणजे ८२. दाराच्या आणि पन्हाळीच्या फटींतून खोलीतली हवा तासात दोनदा बदलते असं धरलं, तर आणखी २२. बेरीज १८१. बाहेर १० अंश आणि आत २० हवेत, म्हणजे फरक दहाचा. लागले सुमारे १८०० वॅट. दुकानदाराचा दोन हजारांचा अंदाज इथे बरोबर निघाला.

आता त्याच पत्र्याखाली दोन इंची थर्माकोलचं छत करा. छताचे ७७ वॅट ७ वर येतात आणि सगळं काम ११०० वॅटच्या आसपास भागतं. उलट भिंतीही पत्र्याच्याच असतील, तर आकडा ३८०० च्या पुढे जातो. घरातला सोळा अँपिअरचा सॉकेट २३० व्होल्टला ३६८० वॅटच देतो, म्हणजे अशी शेड एका हीटरनं ऊबदार होणारच नाही. तिथे पैसे आधी छताला आणि भिंतीला घालावेत. वेल्डिंग किंवा ग्राइंडर चालत असेल, तर थर्माकोल अजिबात नको. ठिणगीनं तो पेटतो. तिथे रॉकवूल लावावं. या थराचा दुसरा फायदाही मोठा आहे. निरभ्र रात्री पत्रा बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतो, आतल्या ओलाव्याचं पाणी त्याला धरतं आणि ते ठिबकून लेथच्या बेडवर गंज चढतो. तेही थांबतं.

गावाकडे आणखी एक गोष्ट धरावी लागते : व्होल्टेज. ते २३० वरून १८० वर घसरलं, तर दोन हजारांचा हीटर फक्त सव्वाबाराशे वॅट देतो. संध्याकाळी व्होल्टेज पडणाऱ्या वस्तीवर हिशेबापेक्षा मोठा हीटर घ्यावा, पण त्याला सहा अँपिअरचा साधा प्लग कधीच लावू नये. त्याची मर्यादा १३८० वॅटची. सोळा अँपिअरच्या सॉकेटपर्यंत मीटरपासून वेगळी जाड तांब्याची वायर ओढून घ्यावी. बिलाचंही बघा : १८०० वॅट रोज तीन तास, महिन्यातले पंचवीस दिवस, म्हणजे १३५ युनिट. घरगुती मीटरवर १०० युनिटनंतर दर चढतो.

ज्याचं शटर दिवसभर उघडंच असतं, त्यानं मात्र हे सगळं गणित बाजूला ठेवावं. तिथे हवा तापवणं वाया जातं. लालबुंद कांडीचा हीटर कामाच्या जागेकडे तोंड करून लावला, की ऊब थेट अंगावर येते. आठशे-हजार वॅटही पुरतात. पोल्ट्रीवाले हे फार आधीपासून करत आले आहेत. ते अख्खी शेड तापवत नाहीत, चिकगार्डच्या, म्हणजे पिल्लांभोवतीच्या आडोशाच्या, आत पिल्लामागे एक-दोन वॅट धरून ब्रूडर टांगतात, पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास ठेवतात आणि पुढे दर आठवड्याला दोन-तीन अंश उतरवतात. पिल्लं ब्रूडरखाली गोळा झाली तर ऊब कमी, लांब पळाली तर जास्त.

थिनर, पॉलिश किंवा लाकडाचा भुसा असलेल्या जागी उघडी लाल कांडी नको. तिथे तेल भरलेला रेडिएटर घ्यावा, आणि फवारा मारताना तोही बंद ठेवावा. तो तापायला वेळ घेतो. काम सुरू करण्याआधी अर्धा तास लावून ठेवावा.

राहिली कोळशाची शेगडी. स्वस्त म्हणून अनेक शेडमध्ये ती पेटते. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, झोप येते आणि माणूस उठत नाही. फटी बुजवून ऊबदार केलेल्या खोलीत तर ती अधिकच घातक. यंदा थंडी कितीही पडो, दार लावून शेगडी पेटवू नका, आणि शेजारचा कुणी पेटवत असेल तर त्यालाही आजच सांगा.